नव्वद रुपयांचा पंचनामा

खंबाटकी घाटात आमची मारुती आठशे तिसऱ्यांदा गचके द्यायला लागली, तेव्हा शेजारच्या सीटवर नाना होते. दिवाळीसाठी त्यांना आणि काकूला पुण्याहून साताऱ्याला घेऊन निघाले होते. दसऱ्याला बॉनेटवर अडकवलेल्या झेंडूच्या माळेचे नुसते देठ उरले होते. मागून ट्रकचे हॉर्न चालू. ॲक्सिलरेटर पुरता दाबला की गाडी गुदमरायची, पाय निम्मा उचलला की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. नानांनी काच खाली केली, दोन वळणं नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "पेट्रोल पुरत नाही हिला."

"फिल्टर तुंबलाय," मी म्हटलं. "उद्या घरी बदलते."

"बदलून आणते म्हण."

"बदलते. मी."

नानांनी काच वर केली.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, दादांचे, धाकटे भाऊ. चौतीस वर्षं एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत काढलेला माणूस. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. गाडी १९९७ची, कार्बोरेटरवाली, दादांनी घेतलेली. दादा गेल्यावर ती माझ्या नावावर झाली आणि आता दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणी करून मी ती चालवते. या गाडीला हात कोणी लावायचा, यावर आमची अख्खी दिवाळी गेली. काकू त्रयस्थ होती, कारण तिच्या मते गाडी विकायचीच आहे.

घाट उतरल्यावर सुरूर फाट्याच्या अलीकडे नानांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मागे गेले, टाकीचं झाकण हळूच फिरवलं आणि कान लावला.

"सुस्कारा नाही."

"कसला सुस्कारा?"

"टाकीतून जेवढं पेट्रोल जातं, तेवढी हवा आत यायला पाहिजे की नको? झाकणातली वाट बुजली की आत पोकळी होते, पंप ओढून ओढून दमतो. लक्षणं अगदी हीच. चढावर दम टाकते, जरा थांबलं की बरी. अशा गाडीचं झाकण उघडलं की फुस्सकन हवा आत जाते आणि गाडी खूष. हे बघितलं होतंस तू?"

नव्हतं बघितलं. हवेचा दाब आणि निर्वात पोकळी मी गेली एकवीस वर्षं वर्गात शिकवते. पेट्रोलच्या टाकीला झाकण असतं आणि त्याला श्वास लागतो, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

"म्हणजे तुझा अंदाज बरोबर निघाला, पण तपासून नाही निघाला," नाना म्हणाले. "गॅरेज आणि घर, फरक इथे आहे."

मी हिशोब मांडला. जागेवर उभ्या इंजिनाला पेट्रोल लागतं किती? तासाला लिटरभरही नाही. तीच गाडी ताशी चाळीसने घाट चढताना लिटरला आठ किलोमीटर देते असं धरलं, तर तासाला पाच लिटर. तुंबलेल्या फिल्टरमधून एक लिटर जातं, पाच जात नाही. म्हणून घरासमोर गाडी ठणठणीत वाटते आणि खंबाटकीत रडते.

"हिशोब बरोबर आहे," नाना म्हणाले, "पण पंपाचा पडदा फाटला तरी हाच हिशोब लागू पडतो."

जेवताना विषय पुन्हा निघाला, तो माझ्यामुळेच. मागच्या वर्षी एका गॅरेजात सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. गाडी सोडण्याआधी मी जुन्या फिल्टरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. बिलात फ्युएल फिल्टरचे पैसे लावलेले. घरी येऊन बॉनेट उघडलं, तर ठिपका जिथल्या तिथे.

"मग परत जाऊन विचारलंस?"

"नाही."

"का?"

"पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागलं असतं."

"म्हणजे भांडण त्या माणसाशी आहे, आणि ते तू केलं नाहीस," नाना ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. "त्याऐवजी आता सगळ्याच मेकॅनिकांना सोडचिठ्ठी द्यायला निघालीस. पोरी, नव्वद रुपयांचं सोपं काम तू घरी करणार, अवघड काम त्याच्या गळ्यात घालणार. सोप्या कामावरच त्याचं घर चालतं. रात्री दोन वाजता रस्त्यात अडकलीस तर फोन कोणाला करशील? ज्याला वर्षभर चहाचेसुद्धा पैसे मिळू दिले नाहीस त्याला?"

हे मला लागलं. पण माझ्याकडेही उत्तर होतं. कार्बोरेटर कानाने लावणारे जे दोन-तीन कारागीर मला साताऱ्यात माहीत आहेत, ते सगळे साठीच्या पुढचे आहेत. मारुती आठशे १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली, २०१४च्या जानेवारीत कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. पण तिचा कार्बोरेटर २०००च्या सुमारासच, प्रदूषणाचे नियम आल्यावर गेला. नव्या पोरांना गाडीला स्कॅनर जोडायची सवय. आमच्या गाडीत स्कॅनर जोडायला जागाच नाही. ती पोरं बॉनेट उघडतात, जरा बघतात आणि म्हणतात, "मॅडम, काढून टाका की." मग अशी गाडी ज्याला ठेवायची आहे त्याने शिकायचं नाही तर काय करायचं?

"शीक की. शिकू नको म्हटलं का मी? शिकणं गुरूच्या हाताखाली असतं. व्हिडिओसमोर बसून नसतं."

"मग या अंगणात. व्हा गुरू."

"पेट्रोलला मी हात लावत नाही," नाना म्हणाले. आणि खरा मुद्दा तेव्हा बाहेर आला.

त्यांची सगळी नोकरी डिझेलवर गेली. डिझेल सांडलं की माणूस चिंधी शोधतो, पेट्रोल सांडलं की दार शोधायचं, असं ते म्हणाले. फिजिक्स त्यांच्या बाजूला होतं, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं. आपल्याकडच्या डिझेलची वाफ पेटायला तापमान किमान पस्तीस अंशांच्या पुढे लागतं. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटू शकते, म्हणजे साताऱ्यातल्या कुठल्याही ऋतूत, कुठल्याही वेळी. शिवाय ती हवेच्या तिप्पट-चौपट जड. धुरासारखी वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते, गटारात उतरते, तळघरातल्या पार्किंगमध्ये साचून राहते. दहा-पंधरा फुटांवर ठिणगी मिळाली तरी तिला पुरते. घरी काम करणाऱ्यांची चूक इथेच होते. त्यांचं लक्ष हातातल्या पान्याकडे असतं आणि वाफ गेलेली असते शेजारच्या गीझरकडे.

"उद्या वसुबारस," नाना म्हणाले. "संध्याकाळी कठड्यावर पणत्या लागणार. समोरची पोरं फुलबाज्या घेऊन फिरणार. करायचं तर सकाळी नऊच्या आत. नाही तर तुळशीच्या लग्नानंतर."

याला मी परवानगी समजले.

सकाळी सातला गाडी शेडमधून ढकलून उघड्यावर आणली. ढकलून, कारण इंजिन गार हवं होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार दहाच्या पान्याने सोडवली. नानांनी खुर्ची मांडली, पायाशी वाळूची बादली आणि मांडीवर माझ्या गाडीतला छोटा अग्निशामक, आणि त्यावरची मुदत चष्मा लावून वाचली. मग खिशातला मोबाइल काढून ओट्यावर ठेवला आणि माझाही ठेवायला लावला. तारेला लोंबणारा बल्ब आणायचा नाही, तो पडून फुटला तर संपलं. सेलवरची एलईडी विजेरी चालेल, तीही आधीच लावून ठेवायची. टाकीचं झाकण उघडून परत बसवायचं, म्हणजे आतला दाब निघून जातो. टाकी खाली आणि फिल्टर वर, तेव्हा पेट्रोल आपोआप येणार नाही असा माझा समज होता. नानांचं म्हणणं, टाकीत उन्हाने दाब धरतो आणि नळी सोडली की पिचकारी उडते. सकाळ असली तरी सवय म्हणून करायचं.

आमच्या गाडीतला फिल्टर बॉनेटखाली, मागच्या पत्र्याला खोचलेला. पांढरी प्लास्टिकची डबी, मुठीत मावेल एवढी, दोन टोकांना दोन नळ्या. पांढरी म्हणजे एके काळी पांढरी. आता तिचा रंग जुन्या दातासारखा झाला होता. माझा लाल ठिपका अजून होता. मी खाली कढई ठेवली (काकूने ती नंतर परत घेतली नाही), पक्कडीने स्प्रिंगची क्लिप चिमटून मागे सरकवली आणि नळी ओढली.

"ओढू नको. पिळ. आधी पिळून सुटी कर, मग काढ."

मी पिळली. नळीच्या तोंडाशी बारीक चर्र असा आवाज झाला आणि करंगळीच्या नखाएवढी चीर पडली. नाना खुर्चीतून उठले, वाकून पाहिलं, काही बोलले नाहीत, पुन्हा बसले. मी टाकीकडच्या नळीत एक गुळगुळीत बोल्ट खोचून तिचं तोंड बंद केलं, चिरलेला भाग ब्लेडने काटकोनात कापला. नळीला तेवढी ढील होती. नव्या फिल्टरवर बाणाची खूण असते, ती इंजिनाकडे. बाण उलटा लागला तर गाडी चालतेच, म्हणूनच कळत नाही. कागदाच्या घड्यांच्या आतल्या बाजूने कचरा साठत जातो आणि फिल्टर लवकर तुंबतो. हे नानांनी न विचारता सांगितलं. गुरू व्हायचं नाही म्हणणाऱ्या माणसाच्या मानाने ते बरंच बोलत होते.

नव्या क्लिपा लावल्या. स्क्रूची क्लिप किती आवळायची याला माप नाही. ढिली राहिली तर गळते, जास्त आवळली तर जुनं रबर कापते आणि दोन महिन्यांनी गळते. "दुसरी चूक जास्त वाईट," नाना म्हणाले, "कारण आज कोरडं दिसतं." बॅटरी जोडली. या गाडीचा पंप यांत्रिक, इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा. इंजिन फिरेल तेव्हाच तो ओढणार. म्हणून रिकामा फिल्टर भरेपर्यंत सेल्फ मारावा लागतो, एका वेळी पाच-सात सेकंद, मध्ये दम घेत. चौथ्या वेळी गाडी लागली. नव्या डबीत पेट्रोल चढताना दिसलं, चहाच्या पहिल्या पाण्याएवढं फिकट.

नानांनी टिश्यू पेपरच्या चार पट्ट्या केल्या आणि प्रत्येक जोडाभोवती एकेक गुंडाळायला लावली. दहा मिनिटं इंजिन चालू, मग बंद, मग पट्ट्या सोडून उजेडात धरायच्या. चारही कोरड्या.

पंचवीस मिनिटं, नव्वद रुपये. मी विजयी चेहऱ्याने नानांकडे पाहिलं.

"उद्या सकाळी परत बघ," ते म्हणाले आणि वाळूची बादली उचलून आत गेले.

जुना फिल्टर कापून बघायचा हट्ट माझा. नानांना त्यात पोरखेळ वाटत होता. कार्यशाळेत जुना माल भंगारात जातो, त्याचं कोणी शवविच्छेदन करत नाही. तरी अट घातलीच. आतलं पेट्रोल डब्यात ओतून घ्यायचं, गटारात नाही. डबी मागच्या गच्चीवर दिवसभर उघडी वाळू द्यायची, वास पुरता जाईपर्यंत करवत लावायची नाही. पेट्रोलने भिजलेल्या चिंध्याही तिथेच उघड्यावर, स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नाहीत. धनत्रयोदशीला दुपारी मी ती डबी हॅकसॉने आडवी कापली.

आत कागदाच्या घड्या असतात, लग्नातल्या नऊवारीच्या निऱ्यांसारख्या एकसारख्या. टाकीकडची बाजू चहाच्या चोथ्याच्या रंगाची, इंजिनाकडची जवळपास पांढरी. निऱ्या उलगडून काकूच्या चिनीमातीच्या बशीत झटकल्या. बशीखालून चुंबक फिरवला. तांबूस भुकटीतले काही कण चुंबकाबरोबर सरकले, बाकीचे जागचे हलले नाहीत.

"गंज," मी म्हटलं. "टाकी पत्र्याची आहे. पावसाळाभर गाडी पाव टाकीवर उभी होती, वरच्या रिकाम्या जागेत ओल धरली."

"बरोबर. आणि हे काय?"

भुकटीत काळे कण होते, मोहरीच्या निम्म्याएवढे, बहुतेक मऊ. चुंबकाला त्यांची दखल नव्हती.

"काजळी?"

"पेट्रोलमध्ये काजळी कुठून येणार?" नानांनी एक कण अंगठा आणि तर्जनीत धरून चुरला. बोटावर शाईसारखी काळी रेघ उमटली. ती त्यांनी मला दाखवली, बशीच्या कडेला पुसली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला. "रबर आहे. नळी आतून विरघळायला लागलीय. काल फिल्टर काढताना चिरली ती उगाच नाही."

"म्हणजे फिल्टरने काम केलं. अडवलं."

"टाकीकडच्या नळीचं अडवलं. तुझ्या गाडीत फिल्टरच्या पुढे किती नळी आहे? फिल्टर ते पंप, पंप ते कार्बोरेटर. ती याच वयाची, तिला इंजिनाची ऊब जास्त. तिचे कण कुठल्या फिल्टरमध्ये सापडणार?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. सापडणार नाहीत. ते थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाणार, ज्याचं भोक सुईच्या टोकाएवढं.

या कामाबद्दल मला जे सांगायचं आहे ते या बशीतलं आहे. फिल्टर बदलणं हे दोन क्लिपांचं काम. त्यात घर की गॅरेज असा वाद घालण्यासारखं फार नाही. जुना फिल्टर म्हणजे मागच्या सगळ्या पेट्रोलच्या वाटेचा पंचनामा, आणि तो पंचनामा वाचायला दोन माणसं लागली. मेकॅनिकला वाचता येतो, पण कापून बघायला त्याला फुरसत नाही. एका फिल्टरमागे तासभर बसला तर त्याचा दिवस बुडेल. मालकाला फुरसत आहे, पण वाचता येत नाही. मी एकटी असते तर "गंज" लिहून बशी धुऊन टाकली असती, आणि नानांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी गॅरेजात दिली असती तर ती डबी न कापताच भंगारात गेली असती.

अर्थात हे नानांना त्या वेळी बोलून दाखवलं नाही.

नळी का विरघळली यावर आमचं जमलं नाही. मी दोष इथेनॉलला दिला. आमच्या भागाला हे प्रकरण नवं नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे पथदर्शी प्रयोग २००१ साली ज्या तीन ठिकाणी सुरू झाले, त्यातली दोन म्हणजे मिरज आणि मनमाड. २००३पासून काही राज्यांत पाच टक्के, २०२२च्या जूनपर्यंत देशभर सरासरी दहा, आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्क्यांचं. एप्रिल २०२३पासून बनणाऱ्या गाड्यांचं रबर आणि प्लास्टिक वीस टक्क्यांना टिकेल असं केलेलं असतं. १९९७च्या नळीला कोणी विचारलेलं नाही. जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं, मऊ करतं, मग ते तडकतं. टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं धरलेला चिकटा ते सोडवतं आणि सगळा फिल्टरकडे पाठवतं. पाणीही धरून ठेवतं. फार पाणी झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, नेमकं जिथून पंप ओढतो तिथे.

"आपल्याच शेतातला ऊस कारखान्यात जातो आणि आपल्याच गाडीच्या नळीत येतो," मी म्हटलं.

नाना हसले नाहीत. "उसाचे पैसे घेताना बरं वाटतं ना? नळी पावशतकाहून जुनी आहे पोरी. इथेनॉल नसतं तरी ती तडकलीच असती. रबराला इंजिनाची ऊब पुरते. तू कारण शोधतेस ते भांडायला. मेकॅनिक कारण शोधतो ते बदलायला."

माझा कौल असा की दोघंही खरं बोलत होतो, पण उपयोगाचं फक्त त्यांचं होतं. ज्यांची गाडी वीस वर्षांची झाली आहे त्यांनी इथेनॉलवर वाद जरूर घालावा, आधी नळ्या बदलून घ्याव्यात.

संध्याकाळी धनत्रयोदशीच्या गर्दीतून स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. नानांनी नळीवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं बजावलं होतं. दुकानदाराने आधी साधी रबरी नळी मीटरवर मोजायला घेतली. नाना म्हणाले, "एसएई जे-तीस, आर-नऊ असं छापलेली दाखवा." ती आतून वेगळ्या अस्तराची असते, इथेनॉलला आणि दाबालाही टिकते. किंमत साध्या नळीच्या कितीतरी पट. मी कुरकुरले, तेव्हा त्यांनी दापोडीच्या एका शेजाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याने कार्बोरेटरला माशांच्या टाकीची पारदर्शक नळी लावली होती, पेट्रोल दिसतं म्हणून. दोन महिन्यांत ती पिवळी आणि बांगडीसारखी कडक झाली. एका सकाळी टिचकी मारली तर तुटली. त्याचं नशीब, की टिचकी मारली तेव्हा इंजिन बंद होतं.

पाडव्याच्या सकाळी नळ्या बदलल्या. या वेळी पंपाजवळच्या अडचणीच्या जागी माझा हात पोचेना, तेव्हा पेट्रोलला हात न लावणाऱ्या नानांनी बाह्या वर केल्या. ती एक क्लिप त्यांनी बसवली. बाकीच्या माझ्या.

आम्ही हात पुसत होतो तेव्हा शेजारचा मुलगा कठड्यावरून डोकावला. त्याच्या वडिलांची गाडी २००८ची, इंजेक्शनवाली, तीही चढावर मागे पडते. "मावशी, हिचाही फिल्टर बदलूया का? तुम्हाला आता येतंच."

मी जवळजवळ हो म्हणाले होते.

"त्या गाडीचा पंप टाकीत असतो, विजेवर चालतो," नाना त्याला म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे. "मास्तरीणबाई, दाब किती ते सांगा."

साधारण अडीच ते तीन बार. गाडीच्या टायरमध्ये दोनच्या आसपास असतो, त्याहून जास्त. आमच्या आठशेत नळी निसटली तर पेट्रोल ठिबकतं; तिथे निसटली तर चावी फिरवताच फवारा उडतो, तोही गाडीखाली, कारण त्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत फिल्टर टाकीजवळ खाली असतो. आधी पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग गाडी नीट उचलून भक्कम टेकूवर घ्यायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचंच नाही. आणखी नव्या गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, पंपाबरोबरच. तिथे हात घालायचा विचारही नको.

"मग इंजेक्शनवाली गाडी घरी करायचीच नाही?" मी विचारलं. मला नानांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"लिफ्ट असेल, माहिती असेल आणि मदतीला दुसरा माणूस असेल, तर तेच गॅरेज झालं. नसेल तर गॅरेजात न्यायची."

हे मला मान्य आहे. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीचा बॉनेटखालचा फिल्टर उघड्या अंगणात, गार इंजिनावर, सकाळच्या उजेडात, शेजारी एक माणूस बसवून बदलायला हरकत नाही. सोसायटीच्या तळघरात ती गाडीही नाही. मुलाला मी एका गॅरेजचा पत्ता दिला. नेलपॉलिशवाल्या नव्हे.

दुपारी गाडी यवतेश्वरच्या घाटात नेली. साताऱ्यातून बाहेर पडल्या पडल्या चढ लागतो, परीक्षेला सोयीचा. दुसऱ्या गिअरवर पाय पुरता दाबला. गाडी न कुरकुरता चढली. वर पोचल्यावर नानांनी काच खाली केली, थोडा वेळ ऐकलं आणि एकच शब्द बोलले, "ओढतेय." एसटीतल्या माणसाकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही. फिल्टर आणि नळ्या दोन्ही बदलल्या आहेत, त्यामुळे घाटातली गुदमर कशाने गेली हे आता ठामपणे सांगता येत नाही, असं मी म्हणाले. नानांना हे बोलणं फार आवडलं; प्रयोगशाळेत नसली तरी अंगणात मला अक्कल येते आहे, असं त्यांनी काकूला सांगितलं. नव्या फिल्टरवर मी तारीख लिहिली. नानांनी नळीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर वेगळी तारीख लिहायला लावली.

भाऊबीजेला सकाळी, काकू ओवाळणीचं ताट करत असताना, मी नानांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा बॉनेट उघडलं. टिश्यूची पट्टी एकेका जोडाला टेकवत गेले. फिल्टरचे दोन्ही जोड कोरडे, कार्बोरेटरकडचा कोरडा. पंपाजवळ पट्टी टेकवली तर कोपरा ओला झाला. अगदी थोडा, तिळाएवढा. मी नानांना हाक मारली. त्यांनी पट्टी हातात घेतली, वास घेतला, मग काही न बोलता स्क्रूड्रायव्हर आणला आणि ती क्लिप अर्धा फेरा आवळली.

ती त्यांनी बसवलेली क्लिप होती.